फेकणाऱ्या मुलाचं कोपर दुखू लागलं तर काय करायचं

बारा-तेरा वर्षांचा मुलगा बाउंड्रीवरून थ्रो करून येतो आणि कोपराची आतली बाजू चोळत उभा राहतो. मैदानावर त्याला लगेच तीन सल्ले मिळतात: स्प्रे मार, बेल्ट लाव, आणि ‘वाढतं वय आहे, होतं असं’. यातला तिसरा सल्ला निम्मा खरा आहे. वाढतं वय आहे म्हणूनच होतं, आणि वाढतं वय आहे म्हणूनच सोडून द्यायचं नाही.

हा लेख पालकांसाठी आणि नव्याने शिकवायला लागलेल्या प्रशिक्षकांसाठी आहे. मूल क्रिकेट खेळत असेल, भालाफेक करत असेल, शाळेच्या बेसबॉल संघात असेल किंवा न्यू जर्सीत राहून लिटल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकणं) करत असेल, कोपर सगळ्यांचं सारखंच. लेख वाचून घरी निदान करायचं नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, तिथे काय विचारायचं आणि परत आल्यावर काय सांभाळायचं, एवढंच यातून घ्या.

आत नेमकं काय बिघडतं

फेकताना हात मागे जातो आणि झटक्यात पुढे येतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू ताणली जाते, बाहेरची चेपली जाते आणि हात सरळ होताना मागचं टोक खोबणीवर आदळतं. म्हणजे जागा तीन आणि दुखणीही तीन.

मोठ्या माणसात आतल्या बाजूचा ताण लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, झेलतं. मुलांमध्ये ते लिगामेंट हाडाच्या ज्या उंचवट्याला चिकटलेलं असतं, तो उंचवटाच अजून मुख्य हाडाशी पक्का जुळलेला नसतो. मधे कूर्चेचा थर असतो, ज्याला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. तो साधारण पंधरा ते सतरा वर्षांपर्यंत उघडा राहतो, मुलींमध्ये थोडा आधी बंद होतो. तोवर सगळ्यात कच्चा दुवा तोच. म्हणून ज्या ताणाने मोठ्यांचं लिगामेंट फाटतं, त्याच ताणाने मुलांचं हाड ग्रोथ प्लेटपाशी उचकटू लागतं. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये हे इतकं दिसलं की १९६० साली तिथल्या डॉक्टरांनी त्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ असं नावच दिलं.

सोळा वर्षांखालच्या क्रिकेटची ‘बोन टेस्ट’ पालकांना चांगली ठाऊक असते. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात, कारण वाढीच्या फटी किती उघड्या आहेत ते त्यात दिसतं. तशीच फट कोपरातही आहे. मनगटातल्या फटीची एवढी काळजी करणारी घरं कोपरातल्या फटीबद्दल सहसा विचारतही नाहीत.

इथे गोलंदाजीबद्दल एक गैरसमज दूर करू. ‘फास्ट बोलर आहे, म्हणून कोपर दुखतं’ असं बरेचदा ऐकू येतं. नियमाप्रमाणे गोलंदाजाचं कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. त्यामुळे वेगवान गोलंदाजीचा मोठा भार कमरेच्या मणक्यांवर येतो, आणि तिथल्या हाडाला जाणारी बारीक चीर हा त्यांचा नेहमीचा आजार. कोपरावर भार येतो तो थ्रोचा. गोलंदाज मुलाचं कोपर दुखत असेल तर त्याचं क्षेत्ररक्षण आणि थ्रोडाऊन (दुसऱ्याच्या बॅटिंग सरावासाठी चेंडू फेकून देणं) आधी बघा. ॲक्शनही बघायला हरकत नाही.

पहिली पायरी: कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवायला सांगा

‘कोपर दुखतंय’ एवढ्याने काही कळत नाही. मुलाला दुसऱ्या हाताच्या एका बोटाने जागा दाखवू द्या.

आतल्या बाजूच्या टोकदार हाडावर बोट ठेवलं, तर बहुधा वर सांगितलेलं ग्रोथ प्लेटचं दुखणं. वेदना हळूहळू वाढत आलेली असते, फेकताना किंवा फेकल्यावर जाणवते आणि लवकर पकडली तर चांगली बरी होते.

बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं, तर जास्त सावध व्हा. तिथे चेपलं जाणारं हाड आणि त्यावरची कूर्चा खराब होऊ शकते. साधारण अकरा ते सोळा या वयात कूर्चेखालच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडून तो तुकडा सैल होण्याचा आजार होतो. सुरुवातीला वेदना फार नसते, नुसता हात पूर्ण सरळ होत नाही, आणि याच कारणाने हा आजार नजरेतून निसटतो. मुलं सांगत नाहीत, कारण फेकता तर येत असतं. दोन्ही हात समोर पसरून, तळवे वर करून, शेजारी शेजारी धरायला सांगा. एक कोपर किंचित वाकलेलं दिसलं तर दुखत नसलं तरी डॉक्टर गाठा.

मागच्या टोकावर बोट ठेवलं, तर हात झटक्याने सरळ होताना तिथे मार बसतोय. भालाफेकपटूंत हे अधूनमधून दिसतं.

आणखी एक गोष्ट विचारा, तीही प्रशिक्षक जवळ नसताना: ‘किती दिवस झाले?’ निवड चाचणी तोंडावर असेल तर मूल खरं उत्तर देईलच असं नाही. थ्रो छोटा पडू लागणं, नेम चुकणं, पूर्वी सरळ करायचा तो थ्रो आता टप्पा देऊन करणं, बाउंड्री सोडून स्लिपमध्ये उभं राहायला मागणं, ही सगळी त्याचीच भाषा.

दुसरी पायरी: काही लक्षणांत वाट पाहायची नाही

फेकताना ‘टक’ असा आवाज येऊन एकदम कळ आली आणि नंतर सूज चढली, हात हलवता येत नाही, कोपर मधेच अडकतं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं, कोपराचा आकार वेगळा दिसतो: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आवाजानंतरची अचानक कळ म्हणजे हाडाचा तुकडाच सुटला असण्याची शक्यता असते. हाताला झोळी बांधा आणि निघा. काही न फेकता रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा सोबत ताप असेल तर ते फेकण्याचं दुखणं नसूही शकतं. तेही लगेच दाखवा.

तिसरी पायरी: फेकणं थांबवा. कमी नाही, बंद

उपचार म्हणजे खरं तर एवढंच, बाकी सगळं त्याच्या मदतीला. पण हीच पायरी सगळ्यांत जास्त वाटाघाटी होऊन मोडली जाते. ‘फक्त रविवारची मॅच’, ‘अंडरआर्म टाकेल’, ‘किपिंग करेल’. किपरलाही बॉल परत फेकावाच लागतो. आतल्या बाजूच्या साध्या दुखण्यात फेकण्याला साधारण चार ते सहा आठवडे पूर्ण विश्रांती देतात, आणि परत पूर्ण जोरात फेकायला लागेपर्यंत बरेचदा दोन-तीन महिने जातात. बाहेरच्या बाजूच्या कूर्चेचा आजार असेल तर हिशेब महिन्यांतच करायचा.

फेकणं बंद म्हणजे खेळ बंद असं मात्र नाही. धावणं, पायांचे आणि पोट-कमरेचे व्यायाम, एका हाताने झेल, धावा पळण्याचा सराव, हे चालू ठेवा. त्याने मुलाचं मनही जाग्यावर राहतं, आणि मन जाग्यावर राहिलं नाही तर ते लपून फेकतं. बॅटिंगचं डॉक्टरांना विचारा. अजिबात दुखत नसेल तर काही वेळा ती लवकर सुरू करू देतात. पुश-अप्स, बेंच प्रेस, डोक्यावरून मेडिसिन बॉल फेकणं बंद.

पहिले काही दिवस बर्फ: कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आतल्या उंचवट्याच्या मागूनच ती मुंग्या आणणारी नस जाते, म्हणून बर्फ थेट कातडीवर दाबून ठेवू नका.

गोळीबद्दल: डॉक्टरांनी दिली तर दुखणं सोसवावं म्हणून घ्यावी, मॅच खेळता यावी म्हणून नाही. वेदना दाबून फेकलेला प्रत्येक बॉल त्याच फटीवर पडतो. स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलंच तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. वाढत्या मुलाच्या या दुखण्यावरचा तो उपाय नव्हे.

मालिश. हे घरोघरी होतं म्हणून स्पष्ट लिहितो. नुकत्याच दुखावलेल्या कोपराला तेल लावून रगडणं किंवा कुणाकडून ‘बसवून घेणं’ टाळा. कोपर या बाबतीत फार हट्टी सांधा आहे. जखमेनंतर जोरात चोळलं किंवा ओढून ताणलं तर आजूबाजूच्या स्नायूत हाड धरू शकतं आणि हात कायमचा आखडू शकतो. आजीने प्रेमाने नुसतं तेल लावलं तर बिघडत नाही, पण दाब नको.

चौथी पायरी: डॉक्टरांकडे

ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. खेळाडूंच्या दुखापती पाहणारे मिळाले तर उत्तम, पण जिल्ह्याच्या गावातल्या चांगल्या हाडांच्या डॉक्टरांना हे दुखणं कळतं, फक्त तुम्ही इतिहास नीट सांगायला हवा. ‘कोपर दुखतं’ सांगू नका. सांगा: वय इतकं, खेळ हा, आठवड्यात इतके दिवस फेकतो, इतक्या आठवड्यांपासून दुखतं, फेकताना की नंतर, आणि जागा ही.

एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढतात का, ते विचारा. मुलांच्या कोपरात हाडांचे इतके तुकडे वेगवेगळ्या वयात दिसू लागतात आणि जुळतात की दुखऱ्या बाजूची फट रुंद झाली आहे की ती मुळात तेवढीच आहे, हे चांगल्या बाजूशी ताडून पाहिल्यावर जास्त नीट कळतं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे काही झालेलं नाही, असं नसतं. सुरुवातीच्या टप्प्यात तो बरेचदा स्वच्छच येतो, आणि तेव्हा निदान बोटाने दाबून होतं. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. बाहेरच्या बाजूला दुखत असेल, हात सरळ होत नसेल, अडकत असेल किंवा विश्रांतीनंतरही फरक नसेल तेव्हा तो करायला सांगतात, आणि तेव्हा खर्चाकडे बघून टाळू नये.

ऑपरेशनचा विषय बहुतेक मुलांच्या बाबतीत येतच नाही. हाडाचा तुकडा सुटून बराच सरकला असेल किंवा कूर्चेचा तुकडा सांध्यात मोकळा फिरत असेल तर येतो.

तरीही पालक दोन नावं काढतात. पहिलं टॉमी जॉन. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी या बेसबॉल पिचरच्या कोपरातलं फाटलेलं लिगामेंट त्याच्याच हातातली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन नव्याने बांधलं, आणि तो १९७६ ते १९८९ पर्यंत पुन्हा खेळला. त्यावरून तिकडे अशी समजूत पसरली की ऑपरेशनने हात आधीपेक्षा जोरात चालतो. तसं नाही. ते फाटलेल्या लिगामेंटचं ऑपरेशन आहे, सावरायला वर्षभर किंवा जास्त लागतं, आणि ग्रोथ प्लेट दुखावलेल्या बारा वर्षांच्या मुलाशी त्याचा संबंध नाही. दुसरं नाव अर्थात नीरज चोप्राचं. २०१९ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तो अख्खा हंगाम गेला, जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला आणि ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत सुवर्ण. गोष्ट प्रेरणादायी आहेच. पण शस्त्रक्रियेच्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, वाढ पूर्ण झालेली होती आणि मागे फिजिओ-प्रशिक्षकांची फळी होती. मुलाला ही गोष्ट सांगायचीच असेल तर त्यातला तो अख्खा हंगाम बाहेर बसल्याचा भाग आधी सांगा.

पाचवी पायरी: विश्रांतीच्या आठवड्यांत फिजिओ

कोपर दुखतं, पण दोष अनेकदा दुसरीकडे असतो. फेकण्याची ताकद पायांतून निघते, कमरेतून आणि पाठीतून वर येते आणि हातातून बाहेर पडते. खालून कमी आलं की हात ते भरून काढतो आणि कोपराचं दिवाळं निघतं. म्हणून चांगला फिजिओ मुलाला एका पायावर उभं करून बसायला लावेल, खांदा आत किती वळतो ते दोन्ही बाजूंनी मोजेल, पाठीच्या फऱ्याची हालचाल पाहील. फक्त कोपरावर मशीन लावून वीस मिनिटांनी घरी पाठवत असेल तर दुसरा शोधा. व्यायाम कंटाळवाणे असतात: रबर बँड, हलके डंबेल, मनगट वाकवणं. ते घरी होतात की नाही, हे बघायला आई-बाबांपैकी एकाने रोज पंधरा मिनिटं बसावं लागतं.

सहावी पायरी: परत फेकायला सुरुवात

कॅलेंडर बघून सुरू करायचं नाही. दाबल्यावर दुखत नाही, हात दुसऱ्या हाताइतकाच सरळ होतो आणि वाकतो, ताकद बरोबरीला आली, आणि डॉक्टरांनी होकार दिला, हे चारही झाल्यावरच.

मग बेसबॉलमध्ये वापरतात तसा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम. एक दिवस फेक, एक दिवस सुट्टी. आधी धावून अंग गरम करायचं, मग फेकायचं. पहिलं अंतर साधारण १५ मीटर. पंचवीस हलके थ्रो, पाच-दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस. लहान मुलांना याहून कमी. हे दोन वेळा अजिबात न दुखता जमलं की मधे विश्रांती घेत पंचवीसचे तीन फेरे. तेही जमलं की अंतर वाढवून २० मीटर, आणि पुन्हा दोन फेऱ्यांपासून. मग ३०, मग ४०. जोर शेवटी वाढवायचा, अंतर आणि संख्या पक्की झाल्यावर. पूर्ण ताकदीने बाउंड्रीवरून स्टंपवर थ्रो हा अगदी शेवटचा टप्पा.

भालाफेकीत आधी चेंडू, तोही जागेवरून. मग तीन पावलांवरून, मग हलका भाला, आणि पूर्ण धाव सगळ्यांत शेवटी. भाल्याच्या वजनाकडे लक्ष द्या. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, अठरा वर्षांखालच्या मुलांचा ७००. महिलांचा ६००, अठराखालच्या मुलींचा ५००. अनेक मैदानांवर एकच भाला असतो, तो मोठ्यांचा, आणि तोच सगळे फेकतात. क्रिकेटमध्येही तेरा वर्षांखालच्यांचा चेंडू नियमाने १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३. हौसेने मोठ्यांचा चेंडू हातात देणाऱ्यांना हे आकडे दाखवा.

टप्प्यात दुखलं तर? खांद्याचे किंवा दंडाचे स्नायू दुसऱ्या दिवशी अवघडले तर चालतं, एक दिवस जास्त सुट्टी द्या. कोपराच्या आत दुखलं तर त्या क्षणी थांबायचं, दोन दिवस काही नाही, आणि मग एक टप्पा मागे. परत तेच झालं तर डॉक्टर.

सातवी पायरी: मोजणी

इथे बेसबॉलकडून थेट उचलण्यासारखं काही आहे. तिथे ‘पिच स्मार्ट’ नावाच्या सूचना आहेत, वयानुसार एका दिवसात किती पिच (पिचरने फलंदाजाकडे फेकलेले चेंडू) टाकायचे याच्या: ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. शिवाय किती टाकले त्यावर सुट्ट्या. चौदा वर्षांपर्यंत ६६ किंवा जास्त पिच टाकले तर चार दिवस विश्रांती, २१ ते ३५ टाकले तरी एक दिवस. शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचर्सची न झालेल्यांशी तुलना करणारा २००६ चा एक अभ्यास बेसबॉलच्या जगात नेहमी सांगितला जातो. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेचं प्रमाण ३६ पट निघालं, आणि वर्षातले आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत खेळणाऱ्यांत ५ पट. थकव्याचा आकडा कुठे आणि बाकीचं कुठे, ते पाहा.

बाउंड्रीवरचा थ्रो म्हणजे पिच नव्हे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण मोजण्याची सवय लावा. आपल्याकडे अडचण वेगळीच असते. मुलगा सकाळी अकॅडमीत, दुपारी शाळेच्या संघात गाइल्स किंवा हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या तयारीत, रविवारी क्लबकडून आणि संध्याकाळी सोसायटीत. प्रत्येक सरांना त्यांच्यापुरते तीस-चाळीस थ्रो दिसतात. चारांची बेरीज कुणीच करत नाही, ती फक्त घरी होऊ शकते. एक वही ठेवा: तारीख, अंदाजे जोरदार थ्रो, दुखलं का. थ्रोडाऊन देणारी मोठी मुलं तर हिशेबातच धरली जात नाहीत; नेट्समध्ये तासभर दुसऱ्यांना थ्रोडाऊन देणं हा पूर्ण भार आहे, तोही वहीत लिहा.

सरांशी बोलणं अवघड जातं, हे मान्य. मूल संघातून जाईल ही भीती असतेच. डॉक्टरांची चिठ्ठी हातात असली की सोपं जातं. त्यात ‘विश्रांती’ एवढंच न लिहिता ‘अमुक तारखेपर्यंत फेकणं पूर्ण बंद, धावणं आणि पायांचे व्यायाम चालतील’ असं लिहून घ्या. बहुतेक सर त्यानुसार काम देतात. जे देत नाहीत, त्यांच्याकडे मूल किती दिवस ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

राहिला वर्षाचा विषय. ‘पिच स्मार्ट’च्याच सूचना लहान मुलांना वर्षातून किमान चार महिने, त्यातले दोन-तीन सलग, डोक्यावरून फेकण्याला सुट्टी द्या म्हणतात. आपल्याकडे ही सुट्टी पावसाळा फुकट देत असे. जून ते सप्टेंबर चिखलात फुटबॉल, खो-खो, कबड्डी, पोहणं. आता इनडोअर नेट्स आणि टर्फ आल्यापासून तीही गेली. ती परत घ्या. आणि ऑक्टोबरमध्ये मैदान सुकलं की पहिल्याच दिवशी बाउंड्रीवर उभं करू नका, आधी चार आठवडे १५ मीटरपासूनच सुरुवात.